पीएफ-पेन्शन : काय बदलले, काय नाही

सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर वरचा हिस्सा आता वेतनातच धरला जातो. मूळ पगार कमी दाखवून ग्रॅच्युइटी आखडण्याची जुनी पळवाट त्यामुळे अरुंद झाली, हे फार बरे झाले. मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्याला वर्षभराच्या सेवेनंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. पूर्वी त्यासाठी पाच वर्षे लागत.

जानेवारी २०२५ पासून कर्मचारी पेन्शन योजनेची (ईपीएस) पेन्शन देशातल्या कोणत्याही बँकेतून काढता येते. पुण्यातल्या कारखान्यातून निवृत्त होऊन कोकणात गावी परतलेल्याला पेन्शनचे कागद एका कार्यालयातून दुसऱ्याकडे हलवावे लागत नाहीत.

पेन्शनच्या रकमेचा प्रश्न मात्र २०२५ सरेपर्यंत जागचा हलला नाही. पेन्शनपात्र वेतनाची १५,००० रुपयांची मर्यादा सप्टेंबर २०१४ ची. हे वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०, असे सूत्र आहे. म्हणजे पेन्शनपात्र सेवा ३५ वर्षांची असली, तरी या मर्यादेत महिन्याला ७,५०० रुपयेच हाती येतात. किमान पेन्शन तर अवघी १,००० रुपये, तीही २०१४ मध्येच ठरलेली. एवढ्यात म्हातारपणीचे औषधपाणीसुद्धा भागत नाही.