पाळीचा न्याय, निकडीचा हक्क

असोद्याच्या शिवारात ठिबक सिंचनाचा स्वयंचलित नियंत्रक बसविला, तर ओलाव्याची मोजणी, खतांचे प्रमाण, झडपांची उघडझाप ही सारी कामे एकाच प्रोसेसरला सांभाळावी लागतात. ती मुदतीत उरकण्याचा बंदोबस्त ठेवणारी प्रणाली म्हणजे ‘रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम’ होय.

पद्धत : समान दर्जाच्या प्रत्येक कामास काळाचा ठरावीक तुकडा द्यावा आणि तो सरताच, काम अपुरे असले तरी, त्यास रांगेच्या शेवटी पाठवावे, ही ‘राउंड रॉबिन’ पद्धती. धुळे जिल्ह्यात पांझरेवरील बंधाऱ्यांच्या फड पद्धतीत पाटकऱ्याच्या देखरेखीखाली शेतांना क्रमाने पाणी मिळे, त्यामागील न्यायबुद्धी याच जातीची आहे.

हिशेब : कामे ५ व तुकडा १० मिलिसेकंदांचा असेल, तर कोणत्याही कामास पुढील पाळीसाठी, अदलाबदलीचा वेळ वगळता, फार तर ४० मिलिसेकंद थांबावे लागते. तुकडा फार लहान केल्यास अदलाबदलीतच वेळ खर्ची पडतो. फार मोठा केल्यास प्रतीक्षा लांबते.

मर्यादा : पाळी सर्वांना समान लेखते, निकड मात्र समान नसते. लिऊ व लेलँड या संशोधकांनी १९७३ साली सिद्ध केले, की नियतकालिक कामांचे अग्रक्रम कायमचे ठरवायचे असल्यास, अल्प आवर्तनकाळाच्या कामास वरचा दर्जा देणे सर्वोत्तम. म्हणूनच रिचर्ड बॅरी यांच्या ‘फ्रीआरटीओएस’सारख्या प्रणालीत आधी अग्रक्रम पाहिला जातो आणि पाळीचा नियम केवळ समान अग्रक्रमाच्या कामांपुरता लागू होतो.