शितावरून भाताची परीक्षा

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत मागें दोन जावांनीं एकाच दिवशीं गर्भाशयमुखाची पॅप-तपासणी करून घेतली. थोरलीच्या कागदावर ‘दोष आढळला नाहीं’ असें आलें. धाकटीच्या कागदावर ‘संशयास्पद पेशी’ असे शब्द आले. धाकटीनें त्या रात्रीं डोळ्याला डोळा लावला नाहीं. थोरलीला पुढें कांहीं महिन्यांनीं पाळी नसतांनाही रक्त जाऊं लागलें. परंतु “माझा कागद स्वच्छ आहे” असें म्हणून तिनें तें अंगावर काढलें. दोघींचीही समजूत चुकीची होती, आणि त्यांत थोरलीची अधिक घातक होती. म्हणून या तपासणीचा कौल कितपत प्रमाण मानावा, याचा विचार आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों.

ही तपासणी म्हणजे शितावरून भाताची परीक्षा होय. गर्भाशयाच्या मुखावरून पेशी अलगद खरवडून घेतात, त्या काचेवर पसरून रंगवतात व सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. ग्रीस देशांत जन्मलेले व न्यूयॉर्क येथें संशोधन करणारे डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांनीं ही कल्पना १९२८ सालीं मांडली, तेव्हां तिच्याकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. १९४३ सालीं डॉ. ट्राउट यांच्यासह त्यांनीं ग्रंथ प्रसिद्ध केला आणि मग ती सर्वत्र रूढ झाली. त्यांच्या पत्नीनें वर्षानुवर्षें स्वतःची तपासणी करूं देऊन या कार्यास हातभार लावला, याचेंही स्मरण ठेवणें उचित होय.

तुकडा काढून तपासणें, म्हणजेच बायॉप्सी, ही निराळी गोष्ट. तींत डॉक्टर गर्भाशयमुखास सौम्य आम्ल लावून भिंगांतून पाहतात आणि जी जागा पांढरी पडेल तेथील लहानसा तुकडा काढतात. त्याचे अति पातळ काप पाहिले असतां पेशी कशा आहेत एवढेंच नव्हे, तर त्या थराथरांनीं कशा रचल्या आहेत आणि तळचा पडदा भेदून आंत शिरल्या आहेत कीं काय, हेंही दिसतें. कर्करोग झाला किंवा नाहीं याचा निर्णय या शेवटच्या गोष्टीवर असतो. आणि सुट्या पेशींवरून तीच खात्रीनें सांगतां येत नाहीं.

मग शीत पाहून भात किती ओळखतां येतो? अनेक अभ्यासांचा ताळा घेणारा एक लेख अमेरिकेंत २००० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील विश्वसनीय अभ्यासांत, ज्यांना खरोखर बिघाड होता अशा १०० स्त्रियांपैकीं तपासणीनें कोठें ३०, तर कोठें ८७ जणी ओळखल्या होत्या. निरोगी १०० पैकीं ८६ ते १०० जणींना मात्र तिनें बरोबर निरोगी ठरविलें. दुखऱ्या जागेवरील पेशी काचेवर आल्याच नाहींत, तर त्या दिसणार कशा? आणि आल्या तरी हजारों निरोगी पेशींच्या गर्दींत तपासनिसाची नजर चुकूं शकते.

समजा, १००० स्त्रियांपैकीं १० जणींना बिघाड आहे. तपासणीनें निम्म्या ओळखल्या, तर ५ सांपडतील, ५ निसटतील. उरलेल्या ९९० पैकीं शेंकडा ५ जणींवर खोटा संशय आला, तरी त्या सुमारें ५० होतात. म्हणजे संशयाचा कागद हातीं पडलेल्या ५५ जणींपैकीं खऱ्या आजारी पांचच! धाकटीनें हा हिशेब जाणला असता, तर तिची झोप उडाली नसती.

या तुलनेंत एक मेख आहे. ज्यांचा कागद स्वच्छ येतो त्यांचा तुकडा सहसा कोणी काढीत नाहीं. त्यामुळें निसटलेल्या स्त्रियांची मोजदादच होत नाहीं, आणि तपासणी आहे त्याहून खरी भासते. तुकडाही सर्वज्ञ नव्हे. तो चुकीच्या जागेचा घेतला तर फसवितो, आणि सौम्य बिघाडाबद्दल तज्ज्ञांतही मतभेद होतात. तरीही अंतिम कसोटी म्हणून त्याच्याकडेच पाहावें लागतें.

आपल्या महाराष्ट्रांतच याचा मोठा पडताळा झाला आहे. पूर्वीच्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांत १९९९ सालीं आरंभिलेल्या अभ्यासांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या. मुंबईचें टाटा रुग्णालय व बार्शीचें नर्गिस दत्त रुग्णालय यांचा त्यांत सहभाग होता. २००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा: ज्या गटाची या रोगास कारण होणाऱ्या विषाणूसाठीं एकदांच तपासणी झाली, त्यांतील मृत्यु सुमारें निम्म्यानें घटले, एकदांच पॅप-तपासणी झालेल्या गटांत लक्षणीय घट दिसली नाहीं.

मग पॅप-तपासणी टाकाऊ समजावी काय? मुळींच नाहीं. हा रोग सावकाश, बहुधा वर्षानुवर्षें वाढतो. आज निसटलेला बिघाड पुढच्या खेपेस सांपडूं शकतो. दर खेपेस निम्म्या निसटतात असें धरलें, तरी तीन खेपांनंतर ८ पैकीं एकच उरते. तिचें बळ पुनरावृत्तींत आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं विषाणु-तपासणीस प्रथम पसंती दिली; ती वयाच्या तिसाव्या वर्षापासून दर ५ ते १० वर्षांनीं करावी, आणि ती उपलब्ध नसेल तेथें पॅप-तपासणी दर तीन वर्षांनीं करावी, असें सांगितलें.

त्या दोन जावांचें पुढें काय झालें? धाकटीच्या तुकड्यांत साधी सूज निघाली. थोरलीला सासूबाईंनींच हट्टानें दवाखान्यांत नेलें. तुकड्यांत रोग निघाला, परंतु तो प्रारंभींचा होता व शस्त्रक्रियेनें निभावलें. सासूबाई लाजेनें गप्प बसल्या असत्या, तर तो स्वच्छ कागदच तिला नडला असता. म्हणून आमच्या भगिनींना एवढेंच सांगणें आहे: संशयाचा कागद म्हणजे शिक्षा नव्हे, तें पुढील तपासणीचें बोलावणें आहे, आणि अवेळीं रक्त जात असेल, तर पेटींतील जुना स्वच्छ कागद पाहत बसूं नका, डॉक्टरांकडे जा.