चार रुपयांच्या हिशेबातली भाकरी

वर्ध्याजवळच्या पिंपरी गावच्या रस्त्याने दोन भाऊ सायकलवर चालले होते. धाकटा तेरा वर्षांचा होता. आता आपण मोठे झालो, आयुष्यात काय करायचे ते ठरवून टाकू, असे थोरल्याने सुचवले आणि सायकलवरच वाटणी झाली. थोरल्या अशोकने खेड्यातली शेती सुधारायचे पत्करले, धाकट्या अभयच्या वाट्याला खेड्याचे आरोग्य आले. ठाकूरदास आणि सुमन बंग यांच्या घरातली, सेवाग्रामच्या नई तालीममध्ये शिकलेली ही मुले. या वयातल्या प्रतिज्ञा सहसा मॅट्रिकपर्यंत टिकतात. ही मात्र टिकली. पण त्या वाटणीत एक गोष्ट कोणाच्याच हिश्श्यात गेली नव्हती. ती शेती आणि आरोग्य यांच्या बांधावर उभी होती. तिचे नाव मजुरी. तिची गाठ पडायला आणखी पंधरा वर्षे जायची होती.

नागपूरहून एम.डी. झालेले डॉ. अभय बंग 1978 च्या सुमारास पत्नी डॉ. राणी बंग यांच्यासह वर्ध्याला काम करू लागले. 'चेतना-विकास' ही संस्था उभी राहिली आणि कान्हापूर व आसपासची गावे हे कार्यक्षेत्र ठरले. दोघांच्याही हाती उत्तम शिक्षण होते, डोक्यात सेवाग्रामचे संस्कार होते. आता खेड्यातला आजार हटायला कितीसा वेळ लागणार?

आजार हटेना. कपाशीच्या मुलखातला मजूर दिवसा दवाखान्याची पायरी चढत नाही. निंदणाच्या आणि वेचणीच्या दिवसांत तर नाहीच नाही, कारण एक दिवस घरी बसले की रोजी बुडते आणि रोजी बुडाली की संध्याकाळची चूल थंड. मूल तापाने फणफणत असले तरी आई आधी वावरात जाते, दिवस मावळल्यावर डॉक्टरकडे. डॉक्टर रागावतो, उशीर का केला म्हणून. आई गप्प राहते. तिच्या त्या गप्प राहण्याचे निदान वैद्यकाच्या पुस्तकात सापडत नाही. रक्त वाढवणारी गोळी देता येते. पण ती ज्या अन्नाबरोबर घ्यायची ते अन्न गोळीच्या पुडीत बांधून देता येत नाही. औषधाने आजार बरा होई आणि पुढच्या हंगामात तोच माणूस तेच दुखणे घेऊन दारात उभा राही. तपासणीचे टेबल योग्य जागी होते. चुकीच्या जागी शोध चालला होता.

हळूहळू प्रश्न दवाखान्यातून वावराकडे सरकला. या माणसाला दिवसाचे मिळतात तरी किती? सरकारी किमान दर होता चार रुपये, आणि बायांच्या हातात त्याहूनही कमी पडण्याची सर्रास रीत होती. पुढचा प्रश्न त्याहून साधा होता, आणि इतकी वर्षे तो फारसा कोणी विचारलाच नव्हता. चारच का? तीन का नाहीत, पाच का नाहीत?

या चार रुपयांना मोठी वंशावळ होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 साली सांगली जिल्ह्यातल्या आपल्या तासगाव तालुक्यात एक प्रयोग करून पाहिला होता. जो काम मागेल त्याला काम द्यायचे. 1972 च्या दुष्काळात त्या कल्पनेने राज्य तगवले. लाखो हात बांधबंदिस्ती, पाझर तलाव आणि खडी फोडण्याच्या कामावर आले. 1975 पासून शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला, तो या रोजगार हमी योजनेसाठी. 1977 साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम देण्याची कायदेशीर हमी देणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. जगानेही त्याची नोंद घेतली. पण काम दिले म्हणजे मोबदलाही ठरवावा लागतो, आणि त्याचा आधार होता शेतमजुरांचे किमान वेतन. ते कसे ठरवायचे, याचा अभ्यास करणारी समितीही पाग्यांच्याच अध्यक्षतेखाली नेमली गेली होती. म्हणजे चार रुपये हा कोणा मंत्र्याच्या लहरीतून आलेला आकडा नव्हता. त्याच्यामागे अहवाल होता, अहवालात हिशेब होता, आणि हिशेबाच्या मुळाशी चक्क मजुराची भूक होती. मजूर किती खातो, त्या खाण्याला किती पैसे पडतात, यावरून वेतनापर्यंत जायचे.

बंग तो अहवाल वाचू लागले. सरकारी अहवालांचे एक वैशिष्ट्य असते. मांडणारा ते मांडतो, स्वीकारणारा स्वीकारतो, विरोध करणारा विरोध करतो, आणि या तिघांपैकी आकडेमोड कोणीच तपासत नाही. अर्थशास्त्रज्ञ वेतनाच्या ओळीपाशी थांबतो, पुढारी शिफारशींपाशी. डॉक्टर थांबला उष्मांकांच्या ओळीपाशी. ती त्याच्या ओळखीची होती.

आणि ती चुकलेली होती.

कष्टकरी देहाला लागणारे उष्मांकच हिशेबात कमी धरले गेले होते. ही चूक किती खोल जाते ते समजून घ्यायला त्या काळात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचा जो तक्ता वापरात होता, तो पाहावा. मध्यम श्रम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला 2800 उष्मांक, जड श्रम करणाऱ्याला 3900. बाईला मध्यम श्रमांसाठी 2200, जड श्रमांसाठी 3000. तक्त्यात हे दोन रकाने शेजारी शेजारी आहेत, नजर एक रेघ सरकली तर पुरुषामागे 1100 उष्मांक उडतात. शंभर ग्रॅम ज्वारीत साडेतीनशेच्या आसपास उष्मांक असतात. म्हणजे रोजची तीनशेहून जास्त ग्रॅम ज्वारी, चांगल्या जाड तीन भाकरी. उन्हात डवरा चालवणाऱ्या, डोक्यावरून मातीची घमेली वाहणाऱ्या माणसाच्या ताटातून त्या कागदावरच्या कागदावर उचलल्या जाऊ शकतात, आणि उचलणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

धागा एकदा हाती आल्यावर विणलेले सगळेच उसवू लागले. उष्मांकांवरून अन्न, अन्नावरून पैसे, पैशांवरून मजुरी अशी ही उतरंड होती. तळाचे मडके कलले की वरची आपोआप कलतात. ठिकठिकाणी चुका सापडत गेल्या. त्या दुरुस्त करून, समितीचेच तत्त्व प्रमाण मानून बंगांनी पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा उत्तर आले बारा रुपये.

चारच्या जागी बारा! सव्वाचार-साडेचार आले असते तर फाईलवर एखादा शेरा पडून काम भागले असते. तिप्पट आकड्याने मात्र सगळ्या धोरणाचा ताळेबंदच उलटा केला. रोजगार हमी स्वस्तात चालते, शेतकऱ्याला मजूर परवडतो, तिजोरीवर ताण येत नाही, हे सारे फायदे जमेला धरले होते. खर्चाच्या बाजूला एक रक्कम कधी लिहिलीच गेली नव्हती. ती मजुराच्या देहातून रोज वळती होत होती आणि संध्याकाळी दवाखान्यात ताप, अशक्तपणा, खंगलेली पोरे होऊन येत होती. कान्हापूरच्या आसपास डॉक्टरला जो रोग पुन्हा पुन्हा दिसत होता, त्याचे मूळ मुंबईच्या एका अहवालात होते.

इथे पाग्यांना खलनायक करण्याचा मोह होतो, तो आवरलेला बरा. संतसाहित्यात रमलेल्या, जन्मभर रोजगाराच्या हक्काचा ध्यास घेतलेल्या त्या माणसाने मजुरीचा हिशेब भुकेपासून सुरू करायचा हे तत्त्व मान्य केले, म्हणून तर ती चूक पकडता आली. नुसत्या बाजारभावाने दर ठरला असता तर तपासायला काही उरलेच नसते.

मजुरीवाढीच्या विरोधकांचे म्हणणेही पोकळ नव्हते. वर्ध्याचा कोरडवाहू शेतकरी काही फार मोठा सावकार नव्हे. 1972 पासून कापूस एकाधिकार योजनेत त्याच्या कापसाचा भाव सरकार ठरवी. आता मजुरीही सरकारच वाढवणार, तर मधल्या मध्ये त्याने काय करायचे? शरद जोशींची शेतकरी संघटना याच सुमारास उभी राहत होती, ती उगीच नाही. मजुराच्या बारा रुपयांचा प्रश्न कापसाच्या भावापाशी जाऊन भिडतो, हे खरेच आहे. मात्र माझ्या मते, शेतकऱ्यावर अन्याय होतो म्हणून त्याची भरपाई मजुराच्या ताटातून करावी, असा हिशेब कुठल्याच वहीत बसत नाही.

गंमत अशी, की हा वाद वर्ध्याच्या मातीला नवा नव्हता. 1935 च्या ऑक्टोबरात याच वर्ध्यात अखिल भारतीय चरखा संघाने ठराव केला होता. सूत कातणाऱ्या बाईला आठ तासांच्या कामाचा इतका मोबदला मिळावा की शास्त्रीय प्रमाणानुसार किमान आहार आणि वर्षाला वीस वार कापड तिला परवडेल. तासाला एक आणा मिळावा अशी गांधीजींची इच्छा होती. खादी महाग होईल, खपणार नाही, ही भीती तेव्हाही कार्यकर्त्यांनी बोलून दाखवली होती. नालवाडीत विनोबांनी कताईच्या मजुरीवर स्वतःचे पोट भरते का, हे स्वतःच्याच देहावर तपासून पाहिले होते. त्या वातावरणात वाढलेल्या मुलाची नजर बरोबर उष्मांकांच्या ओळीवर पडावी, यात योगायोगाचा भाग किती, कोण जाणे.

अभ्यास छापून झाला. 1981 साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तही आला. शेतमजुरांच्या संघटनांना आजवर घोषणा होत्या, आता पुरावा मिळाला. मोर्चात ओरडणाऱ्याला चूप बसवता येते. बेरीज चुकली आहे असे दाखवणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. सरकारला किमान वेतनाचे दर वाढवावे लागले, आणि त्याचा लाभ राज्यातल्या सुमारे 60 लाख शेतमजुरांना झाला असे सांगितले जाते. वाढलेला दर प्रत्येक बांधावर पोहोचला असे अर्थातच नाही. शासननिर्णय आणि मुकादमाचा हात यांत पुष्कळ अंतर असते.

जन्मभर दवाखाना चालवून जितके रुग्ण तपासता आले नसते, त्याहून कितीतरी जास्त लोकांपर्यंत एक तपासलेला हिशेब पोहोचला, हे बंग दांपत्याने मनात पक्के नोंदवले. पुढे ते अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले, परतून गडचिरोलीला गेले आणि तिथे 'सर्च' ही संशोधनाचीच संस्था काढली. अशोक बंग वर्ध्याच्या शेतीत राहिले.

2005 साली देशाने रोजगार हमीचा कायदा केला. त्यातली मजुरी वर्षागणिक वाढत गेली ती महागाईच्या निर्देशांकावरून, भाकरी मोजून नव्हे. पुढच्या खेपेस किमान वेतनाची अधिसूचना तुमच्या वाचनात आली, तर दर वाचून पान उलटू नका. त्यामागचा हिशेब मागून घ्या आणि बेरीज स्वतः करून पाहा.