पाहणारा, रेखाटणारा आणि तिसरा कोणी

१९५४ साली मुंबईच्या जहांगीर कलादालनात चित्रकार अकबर पदमसींचे प्रदर्शन भरले होते. पुरुषाचा हात स्त्रीच्या स्तनावर दाखवला म्हणून ‘लव्हर्स’ नावाच्या दोन चित्रांवर पोलिसांनी आक्षेप घेतला. पदमसींनी ती उतरवायला नकार दिला, खटला अंगावर घेतला आणि ते निर्दोष सुटले. सरकार उच्च न्यायालयात गेले. तिथेही तेच झाले.

सत्तर वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, त्याच न्यायालयाला पुन्हा तेच सांगावे लागले. पदमसी आणि गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या परदेशातून आणलेल्या सात कलाकृती कस्टम्सने अश्लील म्हणून जप्त केल्या होत्या. नुसती नग्नता किंवा संभोग दिसला म्हणून चित्र अश्लील होत नाही, असे बजावत न्यायालयाने त्या सोडायला लावल्या.

या साऱ्या वादाचा केंद्रबिंदू एकच राहिला आहे: पाहणाऱ्याचे मन. ज्याचे मन चळू शकते त्याच्यावर काय परिणाम होईल, ही १८६८ची इंग्रजी ‘हिकलिन’ कसोटी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली रणजित उदेशी खटल्यात उचलून धरली आणि २०१४ साली बाजूला ठेवून समकालीन समाजाचे मापदंड स्वीकारले. तरी प्रश्न पाहणाऱ्याचाच राहिला. चित्रात जो आहे, त्याचे काय?

जपानच्या एदो काळातली ‘शुंगा’ ही कामुक चित्रे इथे बरेच शिकवतात. चित्रकार उतामारोच्या १७८८च्या ‘उतामाकुरा’ या संग्रहात किमोनोच्या घड्या बारकाईने येतात, शुंगातले अवयव मात्र अवाच्या सवा मोठे. ही अतिशयोक्ती म्हणजे अज्ञान नव्हे. देह कुणा एकाचा न राहता इच्छेचाच आकार होतो. स्त्रीचे सुखही तिथे अनेकदा पुरुषाच्या बरोबरीने येते. कलामूल्य आहे ते इथे: छायाचित्राला न जमणारे रेषा करते. पण एदोच्या योशिवारा या गणिकांच्या वस्तीतल्या कित्येक मुली कर्जापोटी करारात अडकलेल्या असत, आणि त्यांच्या देखण्या चित्रांत ते कर्ज कुठेच दिसत नाही.

चित्रकार एगॉन शीलेचे प्रकरण याहून अवघड. १९१२ साली ऑस्ट्रियातल्या नॉयलेंगबाख गावी त्याला अटक झाली. शेवटी गुन्हा ठरला तो मुलांच्या नजरेस पडतील अशी कामुक चित्रे घरात ठेवल्याचा, आणि न्यायाधीशाने एक चित्र मेणबत्तीवर जाळले. शीले अल्पवयीन मुलींची नग्न चित्रे काढत असे, पण शिक्षा त्याबद्दल नव्हती. कायद्याने पाहणारी मुले सांभाळली, रेखाटलेल्या मुली नाहीत. शीलेची रेषा असामान्य आहे. पण त्यामुळे त्याच्यावरचा हा ठपका पुसला जात नाही.

म्हणून कामुक चित्रकलेला दोन वेगळे प्रश्न विचारायला हवेत, आणि एकाच्या उत्तराने दुसऱ्याची सुटका होत नाही. चित्र काही नवे दाखवते का, हा कलेचा प्रश्न. चित्रासाठी कुणाचा देह, चेहरा किंवा असहायता न विचारता वापरली का, हा नीतीचा. कल्पनेतल्या प्रौढ देहांना चित्रकाराने हवे तसे ताणावे, वाकवावे. ओळखीच्या बाईचा चेहरा तिच्या परवानगीशिवाय नग्न देहावर बसवला, तर ‘ही माझी शैली’ म्हणून हात झटकता येणार नाहीत. आणि मूल असेल, तर शैलीची चर्चाच नको.

पोलिसांनी चित्रे उतरवायला येऊ नये, हे पदमसींनी मिळवून दिले. पुढची जबाबदारी मात्र चित्रकारांनीच आपल्या मॉडेलच्या समोर उभे राहून निभवायची आहे.