टेंपेलहोफची वसाहत : रस्त्यांचीं नांवें व घरांची साक्ष

स्थलनामांवरून इतिहासाचा माग काढण्याची रीत आमच्या वाचकांस परिचित आहे. परंतु नांव हें वस्तूच्या जन्मकाळीं पडलें कीं मागाहून चिकटविलें, याची छाननी केल्यावांचून त्यावर विसंबणें धोक्याचें असतें. याचें एक ठळक उदाहरण जर्मनींतील बर्लिन शहरांत टेंपेलहोफच्या जुन्या विमानतळालगत आढळतें.

विमानतळाच्या पश्चिमेस बैठ्या, कौलारू घरांची एक वसाहत आहे. तीस लोक ‘वैमानिकांचा मोहल्ला’ म्हणतात. तेथील रस्त्यांस रिख्टहोफेन, ब्योल्के इत्यादि पहिल्या महायुद्धांतील वैमानिकांचीं नांवें आहेत. शेजारींच विमानतळ, तेव्हां ही वस्ती विमानतळाबरोबर व वैमानिकांकरितां निर्माण झाली असावी, असें अनुमान सहजच निघतें. तें कालक्रमाच्या कसोटीस उतरत नाहीं.

टेंपेलहोफचें मैदान हें मूळचें प्रशियाच्या फौजेचें कवायतीचें मैदान. त्याचा पश्चिमेकडील भाग इ. स. १९१० मध्यें लष्करी खात्यानें टेंपेलहोफ गांवास ७२ दशलक्ष मार्कांस विकला. एवढी किंमत भरून काढावयाची तर जमिनीच्या प्रत्येक हातावर भाडें मिळालें पाहिजे. म्हणून प्रथमचा आराखडा पांच मजली दाट इमारतींचा झाला. त्याप्रमाणें कडेच्या कांहीं इमारती उभ्या राहिल्या, तोंच इ. स. १९१४ चें युद्ध सुरू झालें व काम थांबलें.

युद्धानंतर परिस्थिति पालटली. घरांची टंचाई भयंकर होती, आणि इ. स. १९१९ च्या जर्मन राज्यघटनेनें तर प्रत्येक नागरिकास आरोग्यदायक निवारा मिळवून देणें हें राज्याचें ध्येय ठरविलें. इ. स. १९२० पासून स्थापत्यकार फ्रिट्झ ब्रॉयनिंग याच्या योजनेनें येथें दुमजली ओळीचीं घरें बांधण्यास आरंभ झाला. प्रत्येक घरामागें परसू ठेविलें. त्यांत भाजीपाला पिकवून कुटुंबानें आपली कांहीं गरज भागवावी, हा हेतु होता. अन्नाच्या दुर्भिक्षाचे दिवस नुकतेच सरले होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे परसवाचा अर्थ नीट उमगतो.

येथें एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. जुन्या आराखड्यांतील घोड्याच्या नालाच्या आकाराचा उद्यानपट्टा नव्या योजनेंत तसाच राहिला. एका हस्ताक्षराच्या पोथींत दुसऱ्या लेखकाचीं पानें शिवलेलीं दिसावीं, तसा हा प्रकार आहे. कडेला उंच इमारती, मध्यें बैठीं घरें, आणि दोहोंस सांधणारी जुनी हिरवी रेषा. एवढ्यावरून युद्धापूर्वीचा व युद्धानंतरचा असे दोन थर जागेवर उभें राहून ओळखतां येतात.

आतां विमानतळ. तो इ. स. १९२३ च्या आक्टोबरांत सुरू झाला, म्हणजे वसाहतीचें काम चालू झाल्यावर. त्याची विख्यात कमानदार इमारत एर्न्स्ट सागेबील याच्या आराखड्याप्रमाणें इ. स. १९३६ पासून बांधली गेली. आणि वैमानिकांचीं नांवें? तींही त्याच १९३६ सालीं, नाझी राजवटींत दिलीं गेलीं. ज्या घरांच्या दारावर हीं नांवें झळकतात, तीं घरें त्यापूर्वींच्या लोकसत्ताक काळांतील आहेत. सामान्य कुटुंबांच्या निवाऱ्यासाठीं केलेल्या कार्यावर युद्धवीरांच्या गौरवाची मोहोर मागाहून उठविली गेली, व मोहोरेनेंच मूळ कागद झांकला.

मैदानाच्या पूर्वेस, नॉयकोल्नकडे, ब्रूनो टाउट यानेंही त्याच दशकांत भाडेकरूंकरितां इमारती बांधल्या. अशा बांधकामास इ. स. १९२४ पासून एका विशेष करानें मोठें बळ दिलें. चलनाच्या घसरणीनें जुन्या घरमालकांचीं गहाणाचीं कर्जें जवळजवळ नाहींशीं झालीं होतीं. त्या लाभावर कर बसवून त्याचा एक भाग नव्या घरांकडे वळविला गेला. तेव्हां या भिंतींत विटांइतकाच त्या करव्यवस्थेचाही इतिहास आहे.

विमानतळ इ. स. २००८ मध्यें बंद झाला, व दोन वर्षांनीं मैदान लोकांस खुलें झालें. त्याच्या कडेनें नवीं घरें बांधावींत कीं नाहीं, यावर इ. स. २०१४ मध्यें जनमत घेतलें गेलें, आणि मैदान मोकळेंच ठेवावें असा कौल पडला. निवारा कीं मोकळी जागा, हा वाद जुनाच आहे. ब्रॉयनिंगच्या वसाहतींत दोहोंचा मेळ घालण्याचा यत्न दिसतो. म्हणून तिची ओळख रस्त्यावरील पाटीवरून न करतां घर, परसू व उद्यानपट्टा यांवरून करावी, अशी आमची संशोधकांस विनंति आहे. पाटी हा पुरावा खरा. पण तो घराच्या जन्माचा नव्हे, पाटी लावणाऱ्याच्या मनाचा.