होम थिएटर घेण्याआधी : खोली, शब्द आणि कान

फलकावरचा विषय वाचून दारातच एकाने विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून दुकान काढलंत काय?" दुकान काढलेले नाही. दुकानात जाऊन फसलो, एवढेच.

चार वर्षांपूर्वी मी एक होम थिएटर आणले. पाच स्पीकर, एक सबवूफर, एक ॲम्प्लिफायर. किंमत सांगत नाही, कारण आमच्या सौ. दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. आणण्याचे कारण साधे होते. टीव्हीवर सिनेमा लावला की मला संवाद कळेनासे झाले होते. मी आवाज वाढवायचो, मग हिचं डोकं दुखायचं आणि ही उठून आत जायची. चाळीस वर्षे आम्ही नाटक-सिनेमा शेजारी बसून पाहिलेला. आता बाहेर मी एकटा आणि आत ही. नवा संच आला, खिडकीच्या काचा थरथरू लागल्या, आणि संवाद पूर्वीइतकेच अगम्य राहिले. तेव्हा मात्र मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. वही घेऊन बसलो.

आपल्या नैयायिकांनी शब्दाचा विचार फार बारकाईने केला आहे. शब्द हा आकाशाचा गुण, हे त्यांचे मत आज आपण मानणार नाही. पण काठी नगाऱ्यावर पडते तिथला शब्द आणि कानापर्यंत पोचणारा शब्द, हे दोन एक नव्हेत, एकातून दुसरा असे शब्द उपजत येतात, हे त्यांनी पक्के धरले होते. तो कसा पसरतो यासाठी त्यांच्याकडे दोन दृष्टांत आहेत: पाण्यावरच्या लाटांचा वीचितरंगन्याय, आणि कदंबाच्या फुलाचे केसर जसे सगळ्या दिशांनी एकदम फुटतात तसा कदंबगोलकन्याय. स्पीकर घेणाऱ्याने एवढे जरी लक्षात ठेवले तरी पुष्कळ. स्पीकरमधून निघाला तो आवाज तुम्ही कधीच नुसता ऐकत नाही. भिंती, फरशी, छत यांच्यावर आपटून आलेला सगळा गोतावळा त्याच्याबरोबर येतो. आणि खालचे, खर्जाचे स्वर कदंबासारखे चहूकडे जातात, तर वरचे तीव्र स्वर बरेचसे नाकासमोर चालतात.

खोलीचे शास्त्र ज्याने उभे केले त्याची गोष्ट मला, म्हणजे जन्मभर वर्गात बोललेल्या माणसाला, फार आवडते. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात नवे व्याख्यानगृह झाले आणि त्यात प्राध्यापकांचे बोलणे कोणालाच कळेना. एक शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. तोवर पुढचे दहाबारा शब्द त्याच्यावर येऊन पडायचे. वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाकडे काम आले. तो रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा, आणि सकाळच्या आत गाद्या परत. त्यातून एक सोपे सूत्र निघाले: खोलीचे घनफळ जितके मोठे तितका आवाज जास्त घुमतो, शोषून घेणारे सामान जितके जास्त तितका कमी.

माझ्या घराला ते लावून पाहिले. बैठकीची खोली १२ बाय १४, उंची १० फूट, म्हणजे सुमारे ४८ घनमीटर. खाली चकचकीत फरशी, भिंतींना गिलावा, खिडकीला नुसती काच. अशी खोली रिकामी असताना आवाज जवळजवळ दोन सेकंद घुमतो. बोलणे स्वच्छ कळायला तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास हवा. म्हणजे मी पैसे घातले यंत्रात आणि बिघाड होता फरशीत! जाड पडदे लावले, सतरंजी अंथरली, पुस्तकांची दोन कपाटे आतल्या खोलीतून बाहेर आणली. पुस्तके बाहेर आणायला ही कधीची सांगत होती, तो भाग वेगळा. फरक त्याच संध्याकाळी कळला. तुम्ही नवीन काही घेण्याआधी खोलीच्या मध्ये उभे राहून एक टाळी वाजवा. मागून झणझण असा शेपटा आला, तर दुकानात जाण्याआधी पडदेवाल्याकडे जा.

आता स्पीकरकडे. पाच स्पीकरच्या रचनेत सिनेमातले संवाद मुख्यतः मधल्या, सेंटर स्पीकरमधून येतात. आणि लोक सगळ्यात हेळसांड त्याचीच करतात. माझा टीव्हीखालच्या कपाटात, खोल कप्प्यात, गुडघ्यांकडे तोंड करून बसला होता. तो बाहेर काढून कडेला आणला, खाली लाकडाची पाचर देऊन तोंड कानांकडे वळवले, आणि ॲम्प्लिफायरच्या मेनूत त्याची पातळी तीन डेसिबलने वाढवली. खर्च शून्य. डावा-उजवा स्पीकर बसणाऱ्यापासून मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना तीस-तीस अंशांवर, मागचे दोन कुशीला किंचित मागे, ही शास्त्राची मांडणी. पण आपल्याकडे सोफा भिंतीला टेकलेला असतो, मागे जागाच नसते. अशा घरात पाच हलके स्पीकर टांगण्यापेक्षा समोर दोनच चांगले घ्यावेत, असे माझे मत आहे. दोघेच जण मधोमध बसत असतील तर संवाद मधूनच आल्यासारखे वाटतात. चारपाच माणसे खोलीभर पसरून बसणार असतील, तर मात्र सेंटर हवाच.

वॅटच्या आकड्यांवर जास्त वेळ घालवत नाही. खोक्यावर हजारांत लिहिलेला पीएमपीओ हा आकडा सोडून द्या, त्याला मोजमापाचा आधार नाही, आरएमएस विचारा. १०० ऐवजी २०० वॅट घेतले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. तारेचेही तसेच. घरातल्या अंतराला विजेच्या दुकानातली चांगली तांब्याची तार पुरते. सोनेरी वेष्टणाच्या तारेने माझ्या कानांना काहीही जास्त दिलेले नाही.

सबवूफर कोपऱ्यात ठेवू नका. १४ फूट लांबीच्या खोलीत साधारण ४० हर्ट्झचा स्वर दोन भिंतींमध्ये अडकून राहतो. एका जागी तो छातीवर बसतो, दुसऱ्या जागी नाहीसाच होतो. यावर एक गमतीदार उपाय आहे. सबवूफर सोफ्यावर, आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, खर्जाचे संगीत लावायचे, आणि आपण भिंतीच्या कडेकडेने रांगत फिरायचे. जिथे खर्ज सारखा, न घुमता ऐकू येईल, ती सबवूफरची जागा. उगम आणि श्रोता यांची अदलाबदल चालते, हे त्यामागचे तत्त्व. माझे गुडघे पाहता रांगायचे काम नातवाने केले. "आजोबा, इथे!" म्हणून तो ओरडला ती जागा दाराजवळ निघाली. चप्पल काढायला आता थोडी अडचण होते.

एवढे करूनही मला काही शब्द कळत नव्हते. आणि हिला सगळे कळत होते. ही गोष्ट मी वहीत बरेच दिवस लिहिली नाही. स, श, थ, फ या व्यंजनांची ओळख पटते ती वरच्या तीव्र कंपनांवरून, आणि वयाबरोबर कान आधी तीच कंपने सोडून देतो. आवाज वाढवला की स्वर मोठे होतात, पार्श्वसंगीत मोठे होते, व्यंजने मात्र तितकीच अंधुक राहतात. म्हणून ऐकू येते, पण कळत नाही. शेवटी श्रवणतज्ज्ञाकडे गेलो. ऑडिओग्रामवरची रेघ उजवीकडे उतरत गेलेली पाहिली. दोन्ही कानांना यंत्रे घेतली. पहिले आठ दिवस वर्तमानपत्राची घडीसुद्धा कर्कश वाटायची, मग सवय झाली. आता टीव्हीचा आवाज हिच्या बेताने असतो, आणि ही बाहेर बसते.

मागून प्रश्न आला आहे, साउंडबार चालेल का. लहान खोलीत चालेल, पण सेंटरचा वेगळा भाग असलेला घ्या आणि टीव्हीला एचडीएमआय-एआरसीच्या खाचेतून जोडा. दुकानात ऐकताना आपल्या माहितीची ध्वनिफीत न्या, शक्यतो कोणाचं तरी साधं बोलणं. आणि दोन संच तुलनेला लावले, तर दोन्हींचा आवाज आधी सारखा करायला सांगा. किंचित मोठा वाजणारा संच कानाला नेहमी सरस वाटतो, आणि विकणाऱ्याचा हात त्याच बटणावर असतो.