गॅस घरात आला, पण चूल विझली का? उज्ज्वला लाभार्थ्यांसाठी रोजच्या सवयींची माहिती

प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेची सुरुवात १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे झाली. योजनेतील आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी महाराष्ट्रात, तेव्हाच्या औरंगाबाद येथे देण्यात आली. आज देशात १० कोटींहून अधिक कुटुंबांकडे उज्ज्वलाची गॅस जोडणी आहे. तरीही अनेक घरांत गॅसची शेगडी एका बाजूला आणि पेटलेली चूल दुसऱ्या बाजूला दिसते. चहा गॅसवर होतो, भाकरी आणि आंघोळीचे पाणी मात्र चुलीवर.

जोडणी मिळणे ही पहिली पायरी आहे. आरोग्याचा लाभ मिळतो तो रोजच्या वापरातून. चूल पूर्ण बंद करणे का गरजेचे आहे, सिलिंडर जास्त दिवस कसा पुरवावा आणि सबसिडीचा पूर्ण लाभ कसा घ्यावा, हे या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचे

- चुलीचा धूर निम्मा झाला म्हणून आजाराचा धोका निम्मा होत नाही. घरातील चूल पूर्ण बंद होणे महत्त्वाचे आहे.
- २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी उज्ज्वला लाभार्थ्यांना १४.२ किलोच्या सिलिंडरवर ३०० रुपये सबसिडी, वर्षाला ९ सिलिंडरपर्यंत मंजूर आहे.
- एकदम मोठी रक्कम भरणे कठीण असेल तर ५ किलोच्या सिलिंडरचा पर्याय आहे.
- गॅस गळतीसाठी २४ तास मदत क्रमांक: १९०६.

चुलीच्या धुरात काय असते?

लाकूड, गोवऱ्या, तुराट्या किंवा पऱ्हाट्या जळताना सगळे इंधन पूर्ण जळत नाही. उरलेला भाग धूर होऊन हवेत मिसळतो. या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो आणि अतिशय सूक्ष्म कण असतात. यातील सर्वांत घातक कण माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाइतके किंवा त्याहूनही लहान असतात. नाकातील केस किंवा तोंडावर धरलेला पदर त्यांना अडवू शकत नाही. ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात.

या धुरामुळे पुढील आजारांचा धोका वाढतो:

- पाच वर्षांखालील मुलांना न्यूमोनिया
- दीर्घकाळचा खोकला, दम लागणे, फुप्फुसांचे कायमचे नुकसान
- हृदयविकार आणि पक्षाघात
- फुप्फुसाचा कर्करोग
- महिलांमध्ये मोतीबिंदू
- गरोदर महिलेला धूर लागल्यास बाळाचे वजन कमी भरणे

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातील धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख लोकांचा मृत्यू झाला. त्यात पाच वर्षांखालील २ लाखांहून अधिक मुले होती. चुलीपुढे जास्त वेळ बसते ती घरातील बाई, आणि तिच्या जवळ असते तिचे लहान मूल. म्हणून सर्वाधिक धूरही त्यांच्याच वाट्याला येतो.

"थोडीच पेटवतो" हे पुरेसे का नाही?

अनेक कुटुंबांना वाटते की निम्मा स्वयंपाक गॅसवर केला की निम्मा त्रास टळला. प्रत्यक्षात तसे होत नाही. बंद खोलीत चूल तासभर पेटली तरी धुराचे प्रमाण सुरक्षित पातळीच्या कितीतरी पट वर जाते आणि विझल्यावरही धूर लगेच बाहेर जात नाही. शिवाय थोड्या धुरानेही शरीराचे बरेच नुकसान होते. दहा लाकडांऐवजी पाच जाळल्याने मिळणारा फायदा कमी आहे. शेवटची पाचही बंद झाली तर मोठा फायदा मिळतो.

एकदम सगळे बदलणे शक्य नसेल तर पुढील क्रमाने बदल करा:

१. घरातील चूल आधी बंद करा. स्वयंपाक पूर्णपणे गॅसवर आणा. आंघोळीचे पाणी चुलीवर किंवा बंबात तापवावेच लागत असेल तर ते अंगणात, भिंतीपासून दूर आणि उघड्यावर तापवा. उन्हाळ्यात पाण्याचे भांडे सकाळपासून उन्हात ठेवले तरी काम भागते.

२. संध्याकाळचा स्वयंपाक गॅसवरच करा. या वेळी मुले आणि वृद्ध घरात असतात. थंडीत दारे-खिडक्याही बंद असतात.

३. पावसाळ्याआधी सिलिंडर भरून घ्या. ओल्या सरपणाचा धूर सर्वांत जास्त होतो. मे महिन्यातच नोंदणी केली तर जून-जुलैत चुलीकडे वळावे लागणार नाही.

४. घरात गरोदर महिला, तान्हे बाळ किंवा दम्याचा रुग्ण असेल तर थांबू नका. अशा घरात चूल आजच बाहेर न्या.

सिलिंडर जास्त दिवस कसा पुरवावा?

पेट्रोलियम मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार उज्ज्वला लाभार्थी २०१९-२० मध्ये वर्षाला सरासरी सुमारे ३ सिलिंडर घेत होते. २०२४-२५ मध्ये हे प्रमाण साडेचारच्या आसपास पोहोचले. म्हणजे सरासरी ८० दिवसांना एक सिलिंडर. वापर वाढतो आहे, पण पाच माणसांच्या घराचा सगळा स्वयंपाक एवढ्या गॅसवर सहसा होत नाही. उरलेला भार चूल उचलते. त्यामुळे गॅस वाया न घालवणे आणि वेळेवर नवा सिलिंडर घेणे, या दोन्ही सवयी लागतात.

- डाळ, राजमा, हरभरा, वाटाणा शिजवण्याआधी भिजत घाला. कडधान्य रात्रभर, डाळ अर्धा-एक तास.
- शक्य तिथे कुकर वापरा. एकाच कुकरमध्ये डाळ आणि भात दोन डब्यांत एकदम शिजतात.
- भांड्यावर झाकण ठेवा. पाण्याला उकळी आली की आच मंद करा. मोठ्या आचेने अन्न लवकर शिजत नाही, फक्त पाणी लवकर आटते.
- ज्वाला भांड्याच्या बाहेर जात असेल तर तो गॅस वाया जातो. लहान भांडे लहान बर्नरवर ठेवा.
- भाजी चिरून, पीठ मळून झाल्यावरच शेगडी पेटवा.
- ज्वाला निळी असावी. पिवळी दिसली किंवा भांडी काळी पडू लागली तर बर्नरची छिद्रे साफ करा.

पैशांचे नियोजन आणि सबसिडी

सिलिंडर घेताना पूर्ण किंमत भरावी लागते. सबसिडीची रक्कम नंतर लाभार्थी महिलेच्या बँक खात्यात जमा होते. गरीब कुटुंबाला खरी अडचण इथेच येते: सिलिंडर संपतो त्या दिवशी हातात एकदम तेवढे पैसे नसतात आणि मग पुन्हा सरपण गोळा केले जाते.

यावर दोन सोपे उपाय आहेत. पहिला, रोज थोडी रक्कम बाजूला ठेवा. समजा तुमच्याकडे सिलिंडर ४५ दिवस पुरतो. रोज २० रुपये डब्यात टाकले तर ४५ दिवसांत ९०० रुपये जमतात. बचत गटात असाल तर गटातही अशी वेगळी बचत ठेवता येते. दुसरा, खात्यात आलेली सबसिडी काढू नका. तीन सिलिंडरची सबसिडी ९०० रुपये होते. चौथ्या सिलिंडरला ती मोठा आधार ठरते.

हा हिशेबही लक्षात ठेवा: वर्षाला ९ सिलिंडरवर एकूण २,७०० रुपये सबसिडी मिळू शकते. चारच सिलिंडर घेतले तर १,२०० रुपये मिळतात. जोडणी घरातील महिलेच्या नावावर आहे. त्यामुळे सिलिंडर कधी घ्यायचा, हा निर्णयही घरात तिला विचारून व्हावा. धुरात ती बसते.

सबसिडी जमा होत नसेल तर पुढील गोष्टी तपासा:

- बँक खाते आधारशी जोडलेले आणि चालू आहे का?
- गॅस वितरकाकडे ई-केवायसी पूर्ण झाले आहे का? यासाठी शुल्क लागत नाही.
- नोंदणीकृत मोबाइल क्रमांक बदलला आहे का?

सबसिडीची रक्कम आणि सिलिंडरची मर्यादा सरकारच्या निर्णयानुसार बदलू शकते. चालू वर्षाची माहिती वितरकाकडून घ्या. सिलिंडर घेताना पावतीवर छापलेल्या रकमेपेक्षा जास्त पैसे देऊ नका. शंका आल्यास सिलिंडर आणणाऱ्याला वजन करून दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.

कामासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांसाठी

ऊसतोड, वीटभट्टी किंवा बांधकामासाठी मराठवाडा, खानदेश, विदर्भातून अनेक कुटुंबे दुसऱ्या जिल्ह्यात किंवा कर्नाटक, गुजरात, तेलंगणासारख्या राज्यांत जातात. खोपीत तीन दगडांची चूल मांडली जाते आणि लहान मुले तिथेच झोपतात. अशा कुटुंबांनी दोन गोष्टी माहीत करून घ्याव्यात.

उज्ज्वला २.० (१० ऑगस्ट २०२१ पासून) मध्ये स्थलांतरित कुटुंबाला पत्त्याच्या पुराव्याऐवजी आणि रेशन कार्डाऐवजी स्वयंघोषणापत्र देता येते. तसेच १४.२ किलोऐवजी ५ किलोचा सिलिंडर घेता येतो. तो उचलायला हलका असतो आणि एका वेळी कमी पैसे लागतात. ५ किलोवर सबसिडी वजनाच्या प्रमाणात मिळते. आधीपासून मोठा सिलिंडर असेल तर तो बदलून लहान घेण्याबाबत वितरकाकडे चौकशी करा.

सुरक्षित वापर

- सिलिंडर नेहमी उभा ठेवा. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचीवर, ओट्यावर असावी.
- गॅस संपत आला म्हणून सिलिंडर आडवा करू नका, गरम पाण्यात ठेवू नका. यामुळे मोठा अपघात होऊ शकतो.
- ज्या खोलीत चूल पेटते त्या खोलीत सिलिंडर ठेवू नका.
- आयएसआय चिन्ह असलेली सुरक्षा नळीच वापरा आणि दर पाच वर्षांनी बदला.
- रात्री झोपण्याआधी रेग्युलेटर बंद करा.
- गॅसचा वास आल्यास रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा. विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नका. घराबाहेर जाऊन १९०६ वर फोन करा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गॅसवरच्या जेवणाने पोटात गॅस होतो का?
नाही. स्वयंपाकाचा गॅस जळून जातो, तो अन्नात उतरत नाही. पोटात गॅस होण्याचा संबंध काय खाल्ले आणि कसे खाल्ले याच्याशी आहे.

भाकरी चुलीवरच चांगली होते. मग काय करावे?
चुलीच्या भाकरीची चव वेगळी लागते, हे खरे आहे. पण रोजच्या भाकरीसाठी गॅस वापरता येतो. जाड लोखंडी तवा आधी नीट तापू द्या, पाणी लावलेली बाजू उलटल्यावर आच मध्यम करा आणि शेवटी भाकरी थेट ज्वालेवर फुगवा. सणासुदीला चूल पेटवायचीच असेल तर ती अंगणात पेटवा.

सरपण फुकट मिळते. मग गॅसवर खर्च का करावा?
सरपण गोळा करण्यात जाणारा वेळ, त्या वेळेत बुडणारी मजुरी, डोक्यावरचे ओझे आणि औषधपाण्याचा खर्च मोजला तर सरपण फुकट राहत नाही. गावाजवळची झाडेही कमी होतात आणि चुलीची काजळी हवेचे तापमान वाढवायला हातभार लावते.

घरी जनावरे आहेत. दुसरा पर्याय आहे का?
चार-पाच गाई-म्हशी असतील तर घरगुती बायोगॅस संयंत्र उपयोगी ठरू शकते. शेण जाळण्याऐवजी त्यापासून गॅस मिळतो आणि उरलेली मळी शेतात खत म्हणून वापरता येते. पंचायत समितीत चौकशी करा.

अजून जोडणी नसेल तर?
गरीब कुटुंबातील १८ वर्षांवरील महिला अर्ज करू शकते. घरात कोणाच्याही नावावर आधीची गॅस जोडणी नसावी. आधार कार्ड, रेशन कार्ड आणि बँक खात्याचा तपशील घेऊन जवळच्या इंडेन, भारत गॅस किंवा एचपी गॅस वितरकाकडे जा, किंवा योजनेच्या अधिकृत संकेतस्थळावर अर्ज करा. उज्ज्वला २.० मध्ये अनामत रक्कम भरावी लागत नाही. पहिला सिलिंडर आणि शेगडी मोफत मिळते.

मदत क्रमांक

- उज्ज्वला योजना (निःशुल्क): १८००-२६६-६६९६
- गॅसविषयी तक्रार (निःशुल्क): १८००-२३३-३५५५
- गॅस गळती, २४ तास: १९०६

सिलिंडर लागला की भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेला खूण करा. तो किती दिवस पुरतो हे कळले की पुढची नोंदणी वेळेआधी करता येते आणि मधल्या दिवसांत चूल पुन्हा पेटवण्याची वेळ येत नाही.